सोन्याची दोन बटणं

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. पोलीस खात्यात मी एकतीस वर्षं काढली, पण ही घटना त्यातली नाही, निवृत्तीनंतरची आहे. मुलगा शारजात नोकरीला. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून मी तिथल्याच रोल्ला भागाजवळच्या एका सार्वजनिक मैदानावर सिक्युरिटी सुपरवायझर झालो.

एका रविवारी तिथे मराठी मंडळींचे खेळ होते. बायकांच्या रस्सीखेचीत एका ताईंचं मंगळसूत्र तुटून पडलं. काळ्या मण्यांची साधी पोत, सोनं म्हणाल तर फक्त दोन वाट्यांचं. अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी गवत चाळलं, काही सापडेना. ताई रडून बेजार. "काका, माहेरची वाटी आईने स्वतःची बांगडी मोडून केलेली. आई आता नाहीये हो!"

शेजारी उभी लेक म्हणाली, "ममा, रिलॅक्स. डॅड विल बाय अनदर वन." ताईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, मिळणार म्हणजे मिळणार," मी छातीठोकपणे सांगितलं. तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत होता. वस्तूच्या रकान्यात मी लिहिलं, 'गोल्ड नेकलेस'.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर आली. वसईचे एक गृहस्थ ड्युटीवर जाण्याआधी मैदानाला फेऱ्या मारायचे. हॉटेलात कामाला होते. ते थेट माझ्या केबिनमध्ये आले. "अंकल, तुमचा माळी पहाटे मशीन फिरवत होता. काल रस्सी ओढली ना, तिथेच! वाकला, उकरलं आणि खिशात घातलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. गवताखाली पाण्याच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं गाडली जातात, ती शोधायला मैदानावर एक ठेवलेलं होतं. म्हणजे हत्यार, जागा, वेळ, साक्षीदार, सगळं जुळत होतं. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू?

माळी बिहारचा, चाळिशीचा. अकरा वर्षं एका कंत्राटदारामार्फत तिथे राबत होता. त्याला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि पाच मिनिटं काहीच बोललो नाही. अशा शांततेत भलेभले घाम पुसायला लागतात. हा मात्र हात बांधून उभा.

"साहब, ढक्कन ढूँढ रहा था. मशीन बजा तो खोदा. सोने का दो बटन निकला. ऑफिस में जमा करा दिया."

"बटन? मला शेंडी लावतो काय!" मी मराठीतच ओरडलो. मग रिसेप्शनला फोन लावला. तिथल्या फिलिपिनो मुलीला विचारलं, गोल्ड नेकलेस जमा झालाय का? "नो सर, नो नेकलेस."

मी तीनदा विचारलं, तीनदा त्याने तेच सांगितलं. मॅनेजरला कळवल्यावर तो एवढंच म्हणाला, "खलास. उद्या पोलिसांत द्या." नोकरी जाणार, केस होणार आणि मग व्हिसाही जाणार. कंत्राटदाराच्या माणसाने त्याला सगळ्यांदेखत गाडीत बसवलं आणि खोलीवर नेऊन सोडलं. उद्यापर्यंत खोली सोडायची नाही, असा हुकूम.

दुपारी रिपोर्ट लिहायला बसलो आणि पेन अडलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारतो, हा माझा अनुभव. याने एक अक्षर बदललं नव्हतं. आणि खोटंच सांगायचं तर कुणी बटणं कशाला सांगेल? मी त्याला फोन केला.

"बटन कैसा था?"

"गोल, साहब. पीछे से खोखला. छोटी कटोरी जैसा."

कटोरी! अरे देवा, वाटी! मी खुर्चीतून उठलोच. रिसेप्शनवर जाऊन सकाळी जमा झालेलं सगळं काढायला लावलं. एका पाकिटावर त्या मुलीने व्यवस्थित लिहून ठेवलं होतं, 'गोल्ड बटन्स, टू.' आत ताईंच्या दोन्ही वाट्या. तिचं काय चुकलं? तिला मी नेकलेस विचारला, तिच्याकडे नेकलेस नव्हता. मैदानावर जाऊन गुडघ्यांवर बसलो तर गवताच्या मुळाशी काळे मणीही मिळाले. काचेच्या मण्यांना ते मशीन कशाला वाजतंय!

फिर्यादीचा शब्द बदलू नका, म्हणून मी नव्या पोरांवर जन्मभर डाफरलो. आणि मराठी बाईचं मंगळसूत्र मी, मराठी माणसाने, नेकलेस करून टाकलं. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

ताई धावत आल्या, वाट्या कपाळाला लावल्या. रिपोर्टात मी चूक माझी म्हणून लिहिली आणि मॅनेजरकडून कंत्राटदाराला फोन करवला. माळ्याची नोकरी राहिली. काम तिथे संपलं होतं. पण मला चैन पडेना. संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. आठ जणांची खोली, जेवणाची वेळ. तो कोपऱ्यात एकटाच बसला होता. मी जवळ जाऊन हळूच माफी मागितली.

"साहब, मुझे तो मालूम था मैं चोर नहीं हूँ," तो म्हणाला. "इन लोगों को बोलिए. दोपहर से कोई साथ में खाया नहीं."

मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इसने चोरी नहीं की. गलती मेरी थी." मग एकाने सरकून त्याच्यासाठी जागा केली.

खात्यात असताना कितीतरी संशयितांना मी 'जा आता घरी' म्हणून सोडून दिलं. कागद साफ केले की माझं काम झालं, असं मानत आलो. घरी गेल्यावर त्यांच्या पंगतीला कोण बसलं असेल, हे त्या संध्याकाळपर्यंत माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.