जमालुद्दीन टेलरच्या घरातला पहिला बेस

आखातातल्या मनामाच्या बाजारात अमेरिकन खलाशांच्या जर्सीवर नंबर शिवता शिवता जमालुद्दीन टेलर बेसबॉल शिकला. शिकला म्हणजे अर्धवट. १९८८ साली एका संघाचा खेळाडू आजारी पडला आणि त्यांनी या दापोलीकराला गळ्यातल्या टेपसकट मैदानात उभं केलं. त्याने बॉल टोलवला. तो घरंगळत पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पायाशी गेला, म्हणून हा आपला ऐटीत जागेवरच. क्रिकेटमध्ये धाव धोक्याची वाटली तर पळत नाहीत. बेसबॉलमध्ये बॉल टोलवला की पहिल्या बेसपर्यंत पळावंच लागतं. सगळे "रन! रन!" ओरडत होते आणि हा हात वर करून सांगत होता, "नो, नो. रिस्क आहे."

आउट.

तेरा वर्षांनी मुलगा शाहिद शाळेच्या टीममध्ये गेला आणि हुबेहूब तसाच आउट झाला. वर घरी येऊन म्हणाला, "अंपायरला काय कळतंय?"

आता नात. अकरा वर्षांची अलिना शुक्रवारच्या लीगमध्ये दोनदा अशीच खांबासारखी उभी राहिली. कोचने बजावलं, "तिसऱ्यांदा उभी राहिलीस तर उरलेला सीझन बाकावर." पोरीने बिर्याणीचं ताट परत केलं.

"दादू, आय जस्ट फ्रीझ."

"फ्रीझ कशाला होतंस गो?"

"तुमच्याच रक्तात हाय ता," हमीदा आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग माहूज भागातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आठवडाभर सराव. जमालुद्दीन बॉल टाकायचा, अलिना टोलवायची आणि समोरच्या पांढऱ्या गाडीपर्यंत सुटायची. "बॉल बघायचा नाय! यल्ला, धाव!"

शुक्रवारी अलिनाने बॉल टोलवला. तो घरंगळत थेट पिचरकडे.

"नको! परत ये!" जाळीला चिकटलेला शाहिद किंचाळला. जमालुद्दीनचाही हात वर गेला, तोंड उघडलं, "नो, नो..." तेवढ्यात हमीदाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

अलिना सुटली होती. पिचर गडबडला, त्याचा थ्रो पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून गेला. अलिना पोचली. शेवटच्या दोन पावलांत वाकून तिने बॅट लांब करून बेसवर टेकवली. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात; ही क्रिकेटसारखी अख्खं अंतर बॅट घेऊनच पळाली होती. कोचने कपाळाला हात लावला, पण बाकाकडे बोट काही केलं नाही.

"अब्बा, पोरगी माझा ऐकत नाय," शाहिद म्हणाला.

जमालुद्दीनने बायकोचा हात तोंडावरून काढला.

"अल्हम्दुलिल्लाह!"