बुधवारनंतरचा पिक्चर

आमच्या घरात पिक्चर मी पाहायचा आणि बाकीच्यांनी माझ्याकडून ऐकायचा, अशी वाटणी होती. मी छान सांगतो, असा सगळ्यांचा समज. खरं म्हणजे मी मारामाऱ्या लांबवायचो आणि गाणी बेसूर म्हणायचो.

त्या वर्षी ताई उपचारासाठी उमरेडहून आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली होती. फुप्फुसं निकामी झाली होती. डॉक्टरांनी ते मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला नाही. तिच्या दोन मुली तिकडे सासूबाईंजवळ होत्या. वीज केंद्राच्या राखेमुळे खिडकी बंद ठेवावी लागे. करमणूक म्हणजे मी.

एका रविवारी सीताबर्डीला मॅटिनी पाहिली. एक गल्ली, पाच घरं, एक आठवडा. नायक कोणीच नाही. मी थक्क झालो. हा ताईला सांगायचाच, असं बसमध्ये ठरवलं, आणि मग आठवलं की त्यातली शिवणकाम करणारी बाई खोकून खोकून बुधवारी मरते.

सांगताना मी तिला जिवंत ठेवलं. कोणाला कळणार होतं? पण पिक्चरची बांधणीच अशी, की ती गेल्यामुळे समोरच्या घरचं लग्न पुढे ढकललं जातं आणि तेवढ्या दिवसांत नवरीला नाही म्हणायची हिंमत येते. म्हातारा चौकीदार घराबाहेर काढलेल्या मुलाला पत्र लिहितो, तेही तिच्याचमुळे. लग्न अडवायला मी नवरदेवाला कावीळ लावली. चौकीदाराला उगाच रडवलं. शनिवारपर्यंत कोण कशासाठी काय करतंय, हे मलाच उमगेना. दिग्दर्शकाची करामत मला थिएटरात नाही, ती मोडताना कळली.

ताईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली.

"तो चौकीदार काहून रडून राहिला गा?"

म्हातारा माणूस, येतं रडू, असं काहीतरी मी म्हणालो.

"ते शिवणारी मेली ना?"

मी मान डोलावली.

"मंग तिच्यामागं पिक्चर किती वेळ चालला?"

"पाऊण तास."

"तो सांग. घाई नको करू."

सांगितला. नवरीपाशी आल्यावर ताईनं मला थांबवलं. त्या पोरीच्या पाठीशी नेमकं कोण उभं राहिलं, हे तिला पक्कं हवं होतं. शेजारीण, मी म्हणालो.

"नात्यातली नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "पुढं सांग."