सिस्टिम वेगळी, होम वेगळं

वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा आमच्याकडे पलंगाआधी कॉम्प्युटर आला. मी नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि नवरा पीएचडीचा प्रबंध लिहीत होता. मशीनमध्ये सारखे व्हायरस शिरायचे, म्हणून मी विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायचं ठरवलं.

पण हार्ड डिस्कचे भाग कसे पाडायचे, तेच ठरेना. ऑफिसातला एक जण म्हणाला, "सगळं एकाच पार्टिशनमध्ये टाक, कटकट नको." दुसऱ्याचं म्हणणं, सिस्टिम वेगळी ठेव आणि आपल्या फायलींचं 'होम' वेगळं, म्हणजे सिस्टिम पुन्हा टाकावी लागली तरी फायली शाबूत. पटलं, पण कुणाला किती जागा द्यायची? सिस्टिमला कमी पडली तर? होम भरलं तर? बसमध्ये, भाजी चिरताना, डोक्यात तेच. कागदावर चौकोन आखायचे, खोडायचे, पुन्हा आखायचे.

"काय करून राहिलीस तू?" नवरा वैतागला. तो मूळचा अमरावतीचा. "एवढा विचार तर आपण फ्लॅट घेताना नाही केला."

"फ्लॅटच्या भिंती नंतर पाडता येतात."

"आणि माझा प्रबंध?"

"सीडीवर घेतलाय."

"उघडून दाखव."

प्रकरणं एकेक करून उघडून दाखवली. तरी तो खुर्चीमागून हलेना.

शेवटी एका रविवारी सकाळी होम वेगळं ठेवून बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी सरकत होती आणि मी गॅलरीत जात होते, दोरीवरचे कपडे काढत होते, परत येऊन बघत होते. झालं एकदाचं. प्रबंधही उघडला.

पुढे दिवाळीच्या सुमारास एका अपडेटनंतर मशीन सुरूच होईना. नेमकं प्रबंध द्यायच्या आठवड्यात. शेवटची दुरुस्ती सीडीवर नव्हती. सिस्टिम पुन्हा टाकायला घेतली. भागांची यादी आल्यावर माझा हात थांबला.

"हे होम ना?" तो वाकून वाचत होता. "याला हात लावायचा नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"आता बोलू नकोस."

मशीन सुरू झालं तेव्हा शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं जागेवर होतं. त्याने मला खुर्चीवरून उठवलं आणि तिथूनच पुढे लिहायला बसला.

मी मागे उभी राहिले. सिस्टिमला जरा जास्तच जागा दिली होती का?

"मनात काय चाललंय ते कळतंय मला," मागे न बघता तो म्हणाला. "प्रबंध जाईपर्यंत या मशीनपासून लांब राहायचं."