मैदानावर ‘दादा’ बंद

“मॅडम, तो पोरगा आमच्या रोशनला ‘ए रोशन’ बोलतो. तुमी ऐकताय ना?”

घरतशेठ छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. शेठ आमच्या कॉलेजच्या संस्थेचे खजिनदार. न्हावा शेव्याला त्यांचे ट्रेलर चालायचे. रोशन त्यांचा सख्खा पुतण्या. मी फुटबॉल टीमची कोच.

“ऐकतेय. मीच तसं शिकवलंय,” मी म्हटलं.

“एवढा पगार घेऊन हे शिकवता?”

तर आधी पगाराचंच सांगून टाकते. पनवेलच्या त्या कॉलेजात माझा पगार प्राचार्यांपेक्षा जास्त होता. नव्या विमानतळाच्या तेव्हा नुसत्याच गप्पा होत्या, पण जमिनींना भाव आला होता आणि संस्थेला नाव हवं होतं. फुटबॉलमध्ये मात्र आजूबाजूची कॉलेजं आम्हाला दरवर्षी लोळवायची. अध्यक्षांनी मला बोलावणं धाडलं. मी देशासाठी खेळलेली, वरच्या दर्जाचं कोचिंग लायसन्स असलेली. मी आकडा सांगितला आणि एक रुपया खाली आले नाही. स्टाफरूमला बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. बाई, ती पण पोरांना फुटबॉल शिकवणार, ती पण एवढ्या पैशात!

शेठनी करारात एक अट घातली. झोनची फायनल जिंकली नाही तर करार तिथेच संपला. झोन म्हणजे विद्यापीठाने पाडलेला कॉलेजांचा गट. मी सरकारी नोकरी सोडून आले होते. घरी आई माझ्या भरवशावर. तरी सही केली, कारण माझा माझ्यावर विश्वास होता. तो अजूनही आहे.

पहिल्या प्रॅक्टिस मॅचमध्येच दुखणं कळलं. पोरं पळायला वाघ होती, पण मुकी होती. फुटबॉलमध्ये अख्खं मैदान फक्त गोलकीपरला दिसतं. बाकीच्यांची पाठ कुठे ना कुठे असतेच. म्हणून कीपरने सतत ओरडायचं असतं. मागे माणूस आहे, सोड, लांब मार, माझा बॉल. आमचा कीपर रोशन. उंच, देखणा, हातमोजे परदेशी. पण तोंड उघडायचा नाही. शेठच्या घरातला मुलगा, त्याच्यावर कुणाला हाक मारायची वेळच आली नव्हती.

दुसरा कीपर जयेश, मोरा बंदराच्या कोळीवाड्यातला. बुटका, एफवायचा. हाताने रोशनपेक्षा कच्चा. पण आवाज असा, की एका होडीवरून हाक मारली तर चौथ्या होडीवरचा माणूस मागे बघेल. मी त्याला गोलमध्ये उभं केलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाचव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला.

कसा झाला, ते ऐका. पुढे बॉल घेऊन इम्तियाज होता. आमचा कॅप्टन, बाजारातल्या कापडवाल्यांचा मुलगा, टीवायला. त्याच्या पाठीमागून एक जण धावत आला. जयेशने ते बघितलं आणि ओरडला, “इम्तियाजभाई, जरा मागं बघा, तुमच्या मागं एक जन हाय!”

एवढं अदबीचं वाक्य पुरं होईपर्यंत बॉल जाळीत होता.

मला आधी हसू फुटलं. मग मी शिट्टी मारून सगळ्यांना जवळ बोलावलं. “आजपासून मैदानावर दादा बंद. भाई बंद. अहो-जाहो बंद. नाव आणि एक शब्द. जो दादा म्हणेल, तो मैदानाला चक्कर मारेल.”

इम्तियाजला ते झेपेना. “मॅडम, मी टीवायला, हा एफवायला. हा मला नुसतं इम्तियाज म्हणेल? घरी माझा छोटा भाई पण म्हणत नाही. काही तमीज आहे की नाही?”

“तमीज बाहेर. बाहेर त्याने तुला वाकून सलाम करावा.”

जयेशने त्या आठवड्यात इतक्या चकरा मारल्या की त्याचा स्टॅमिना वाढला. सवयच ती. “रोशनदादा” म्हणायचा, जीभ चावायचा आणि आपणहून पळायला लागायचा. कारण रोशनला मी आता स्टॉपर केलं होतं. स्टॉपर म्हणजे कीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. उंच होता, हेडर मस्त मारायचा. फक्त आता त्याला मोऱ्याच्या जयेशचं ऐकावं लागणार होतं. रोशन घरी जाऊन बोलला, आणि म्हणून शेठ छत्री घेऊन आले होते.

“आमी पोरांना संस्कार लावायला पाठवतो, मॅडम.”

“शेठ, तुमच्या ट्रेलरचा ब्रेक लागत नसेल तर क्लीनर ‘ड्रायव्हरसाहेब, जरा ऐकता का’ म्हणतो?”

शेठनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “करार हाय, लक्षात ठेवा.”

प्राचार्यांनी चहाला बोलावलं. “शेठना दुखवू नका हो. मी नोकरीभर नाही दुखवलं.”

म्हणूनच तुमचा पगार तेवढा, असं अगदी ओठांवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं.

आम्ही फायनलला पोचलो. मैदानावर चिखल, वरून पाऊस. पहिल्या हाफमध्ये इम्तियाजने गोल मारला. मग दुसरा हाफभर समोरच्यांनी आमच्या गोलवर चाल केली. मी खुर्चीत बसून होते. शेठ तरातरा आले.

“मॅडम, काय तरी बोला त्यांना! नुसत्या बसून हाव तुमी!”

“माझं बोलून झालंय, शेठ. आता ते बोलतायत.”

शेवटची मिनिटं. एक उंच बॉल रोशनच्या डोक्यावर आला. रोशन हेडर मारून तो मागे कीपरला देणार, एवढ्यात त्यांचा फॉरवर्ड त्याच्या पाठीमागून घुसला. रोशनला तो दिसणं शक्यच नव्हतं.

“रोशन, वाक!”

तो आवाज बसस्टँडपर्यंत गेला असेल. आणि शेठचा पुतण्या, ज्याच्याशी घरात कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं, काही न विचारता कमरेत वाकला. बॉल त्याच्यावरून गेला. फॉरवर्डने हवेत डोकं मारलं. जयेशने बॉल छातीशी धरला आणि चिखलात पालथा पडला. तेवढ्यात शिट्टी झाली.

रोशनने जयेशला खांद्यावर घेतलं. मी उड्या मारत होते, लाज सोडून. इतका आनंद मला स्वतः खेळतानाही क्वचित झाला होता. शेठची छत्री कुठेतरी उडून गेली होती आणि ते भिजत ओरडत होते, “ए जयेश! ए जयेश!”

कोचला एवढा पगार द्यावा का, हे लोक मला अजून विचारतात. सराव कुणीही घेतं, इंटरनेटवर तो फुकट मिळतो. टीमचं नेमकं काय दुखतंय ते ओळखायचे पैसे असतात. आणि खरं सांगू? बहुतेक कोच घेतात तेवढ्या लायकीचे नसतात. मी होते.

शेठ ट्रॉफी घेऊन माझ्याकडे आले. डोळे ओले होते, आणि ते पावसाने नव्हते.

“शेठ, पुढच्या वर्षाच्या पगाराचं बोलूया,” मी म्हटलं.

“आत्ता? इथं?”

“आत्ता, इथंच. मागच्यापेक्षा दीडपट.”

शेठनी ट्रॉफीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि हात पुढे केला. संस्थेच्या कमिटीची सही दुसऱ्या दिवशी झाली.

धंद्यातल्या नव्या मंडळींना मी एवढंच सांगते. हरल्यावर पगाराचा विषय कमिटी काढते. जिंकल्यावर तो आपण काढायचा, चिखल वाळायच्या आत.