बिनतांब्याचा रंग

बोरी बुद्रुकच्या हर्षालीचा पाय घरात ठरत नव्हता. "जरा टेक की बाई," आई म्हणाली. ती टेकली आणि लगेच उठली. येत्या शुक्रवारी पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्या कामाचा निकाल लागणार होता, आणि तो काय लागणार हे तिला आत्ताच दिसत होतं.

काम तसं सांगायला सोपं. कांद्याच्या मुळाला एक खास साखर पाजायची. त्या साखरेला टिचबटणाच्या अर्ध्या भागासारखा एक रेणू जोडलेला, इतका बारीक की पेशी ती साखर आपलीच समजून स्वतःच्या भिंतीत बसवून टाकते. मग चमकणारा रंग सोडायचा. बटणाचा दुसरा भाग त्या रंगाला. दोन्ही भेटले की टिच्! रंग तिथंच बसतो, पेशीतल्या दुसऱ्या कशाला शिवतही नाही. याला क्लिक केमिस्ट्री म्हणतात. जुन्या पद्धतीत हे बटण लागायला तांबं लागतं, आणि तांब्यानं पेशी मरते. हर्षालीचा रंग बिनतांब्याचा. पेशी जिवंत ठेवून तिची भिंत कशी वाढते ते बघायचं, एवढ्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं.

आणि मुळं मरत होती. भिंती झकास चमकायच्या, पण जिवंत पेशीत सारखा फिरताना दिसतो तो आतला रस ठप्प. तुलनेसाठी रंग न घालता ठेवलेली मुळंही मलूल निघाली, तेव्हा हाताळताना आपल्याकडूनच ती दुखावली असं ती धरून चालली. तिच्या मार्गदर्शक इंद्रायणी मॅडम म्हणाल्या, "रंगच विषारी असेल. नाहीतर कांदे बदलून बघ."

हर्षालीला मिरच्या झोंबल्या. "बाजारातल्या कांद्यावर काय काय मारलेलं असतं, मॅडम. आमच्या घरच्या कांद्याला औषधाचा थेंब नाही."

मॅडमनी शेवटची संधी दिली. या खेपेलाही मुळं मेली, तर रंग बाद आणि काम बंद.

एरवी तिचे वडील, भगवंतआबा, आळेफाट्याहून एसटीत कांद्यांची पिशवी ठेवून द्यायचे. या वेळी तिला धीर निघाला नाही, स्वतःच न्यायला आली. आबा कुठं अडकले म्हणून ती मागल्या दारी गेली. ते द्राक्षाच्या फवारणीच्या पिंपापाशी बसले होते. निवडक कांदे एकेक करून निळ्या पाण्यात बुचकळत होते.

"आबा, हे काय?"

"मोरचुदाचं पाणी. वाटंत कुजाया नगं म्हणून. दर खेपंला बुचकळूनच धाडतो की."

मोरचूद म्हणजे तांबंच. आपला रंग निर्दोष असू शकतो, हे हर्षालीच्या डोक्यात आधी शिरलं आणि ती चक्क हसली. मग राग उसळला.

"मुळं तुमी मारली, आबा! तांब्यानं मेली ती! आन मी माझ्या रंगाला शिव्या घालतीय!"

आबांचा हात निळ्या पाण्यातच राहिला. "मला काय म्हाईत पोरी? तू म्हणलीस, कांद्यावर काम करती. मला वाटलं, कुजीवर औषिद काढतीस. गावाला बी तसंच सांगितलं मी. मुळं जिती पायजेत, हे तू कवा बोललीच न्हाईस."

खरंच बोलली नव्हती. परिषदांतल्या अनोळखी लोकांना तिनं हे शंभरदा समजावलं होतं. घरच्यांना कळायचं नाही, हे मात्र न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिला लाज वाटली, चांगलीच.

ती आबांशेजारी बसली आणि साखरेपासून सांगायला लागली, घाईघाईनं, अडखळत. आबांनी सगळं ऐकलं. मग हात पुसून उठले आणि कांदाचाळीतले कोरडे कांदे आणून तिच्यापुढं ठेवले.

"हे घिऊन जा. ह्यास्नी काय बी लागल्यालं न्हाई." त्यांनी विचारलं, "पर तुझा त्यो रंग तरी मुळाला बाधत न्हाई न्हवं?"

"म्हाईत न्हाई, आबा," ती म्हणाली. "आता कुठं कळंल."