पाण्याच्या माणसात एकशे बारा

भुताखेताला मी कधी भीक घातली नाही. मुदखेडला आमचं घर मसणवट्याला लागून, तिथं मी एकटीनं वाळवणं राखली... पण त्या सोमवारची आठवण निघाली की आजही डोकं फिरतं. भीतीनं नाही — संतापानं.

नांदेडला एका लॅबमध्ये मी मदतनीस होते. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं बघून-बघून शिकले. माणसाच्या अंगात किरणोत्सार किती आहे ते मोजायचं मशीन होतं तिथं. जाड लोखंडी खोली, आत पलंग, त्यावर माणूस निजवायचा. मशीन खरं सांगतंय का, हे तपासायला प्लास्टिकच्या बाटल्यांचा माणूस होता — डोकं, छाती, हात, पाय सगळं सुटं. कधी त्यात मोजून किरणोत्सारी द्रव घातलेलं पाणी, कधी नुसतं शुद्ध पाणी. नुसत्या पाण्याला आकडा शून्य यायला पाहिजे. बाटल्या धुवायचं, भरायचं काम माझं.

शिवाय दर सोमवारी दहा वाजता आमचा टेक्निशियन किशन स्वतः त्या पलंगावर निजायचा. जित्या माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं, त्याचाही जरासा किरणोत्सार असतो, तो मशीनला दिसतो. माणूस तोच, तर आकडाही तोच यायला पाहिजे. किशनचा कायम एकशे बारा ग्रॅम. लई वाळका होता. मी म्हणायची, दोन भाकरी जास्त खा, आकडा वाढंल. तो म्हणायचा, "नको अक्का, मशीनला वाटंल दुसराच कुणी आला."

गणपती बुडवायला तो लातूरकडं गावी गेला, आणि विसर्जनाची रात्र सरता-सरता, पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतीखालून त्याचं मढंच काढलं.

पुढच्या सोमवारी लॅबच्या साहेबांनी नुसत्या पाण्याचा माणूस लावायला सांगितला. मी भरला, निजवला. दहाला मोजणी लागली. आकडा आला — पोटॅशियम, एकशे बारा.

साहेब माझ्यावरच तुटून पडले, शुद्ध पाणी सोडून बोअरचं खारं पाणी भरलं म्हणून. रिकामा पलंग मोजला, तर शून्य. मग शुद्ध पाण्याचा सीलबंद कॅन त्यांनीच फोडला, नव्या बाटल्या काढून स्वतःच्या हातानं भरल्या. परत एकशे बारा! मग कागद पुढं सरकवला. "लिहून द्या मावशी, बाटल्यांत मळ राहिला होता."

"साहेब, आत्ता तर तुम्हीच भरल्या की."

"सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

पोरगी बारावीला, लातूरला क्लासला ठेवलेली. केली सही.

त्यानंतर पाण्याला शून्यच येत राहिला.

तीच पोरगी आज लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवून राहिली. म्हणते, आई, बाटलीला काहीतरी लागलं असंल. मी म्हणते, असंल बाई, पण बरोबर एकशे बाराच कसं लागलं? तिथं तिचं फिजिक्स थांबतं.

साहेबाचा राग हायच. पण त्याहून जास्त माझा मला येतो. त्या सोमवारी दहाला किशन कामावर आला होता का नव्हता, कुणाला माहीत... आला असंल, तर त्याची हजेरी मी माझ्या सहीनं मळ म्हणून लिहून दिली.