बत्तिसावा ठिपका

"ठिपका हलला तर पेशंटचा, जागच्या जागी राहिला तर आपला."

नळीमावशी हे दिवसातून दहा वेळा म्हणायची. नवी सिस्टर कामाला लागली की तिला, फरशी पुसणाऱ्याला, आणि एकदा तर दवाखान्याच्या भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्यालाही तिनं हेच ऐकवलं होतं. रंगारी म्हणाला, "मावशी, भिंतीवरचा ठिपका कुठं हलतो?"

"मग तो तुझा," मावशी म्हणाली. "पूस आधी."

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. दवाखाना गावाच्या टोकाला, दुमजली. जिना चढून गेलं की निळा पडदा लावलेली एक खोली. खोलीत एक खाट, एक बेसिन, काचेची एक टाकी आणि एक लाकडी कपाट. कपाटात काळी नळी उभी टांगलेली असायची. करंगळीपेक्षा थोडी जाड, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी लांब. ती पेशंटच्या तोंडातून पोटात उतरायची, आणि बाहेरच्या टोकाच्या भिंगाला डोळा लावला की थोरल्या डॉक्टरांना पोटाचं आतलं अस्तर दिसायचं. आता अशा नळ्यांना कॅमेरा असतो, चित्र पडद्यावर येतं. ही त्याआधीची. हिच्यात होते ते नुसते काचेचे धागे, केसाहून बारीक, वीस-पंचवीस हजार.

दवाखान्यात येण्याआधी मावशी मागावर काम करायची. मागावरच्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. हजार धाग्यांच्या ताण्यात एक तुटला तरी तो तिच्या हाताला कळायचा. माग बंद पडले. नवरा त्याआधीच गेला होता, लेक लग्न होऊन दूर गेली होती. मावशी दवाखान्यात झाडू मारायला लागली. एक दिवस डॉक्टरांनी पाहिलं, की सिस्टरनं बेसिनवर टाकून दिलेली नळी या बाईनं उचलली आणि सुताची लड तोलावी तशी मोठ्या, सैल वळणानं दोन्ही हातांवर तोलली.

"कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आत धागा आहे ना?" मावशी म्हणाली. "हातात घेतलं की कळतं."

डॉक्टर तसे कमी बोलणारे. पण त्या दिवशी त्यांनी टाकी पाण्यानं भरली, तळाशी नळी धुवायचा ब्रश टाकला आणि म्हणाले, "काढा." मावशीनं वरून बघत हात घातला, आणि बोटं नुसत्या पाण्यावर मिटली. ब्रश दिसत होता त्याहून खोल होता.

"पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून वस्तू असते तिथं दिसत नाही. आता खाली बसा. टाकीच्या बाजूच्या काचेतून, खालून वर, पाण्याच्या पातळीकडं बघा."

मावशी उकिडवी बसली. वर छत दिसायला हवं होतं, पंखा दिसायला हवा होता. तिथं चांदीसारखा आरसा होता, आणि आरशात ब्रश उलटा टांगलेला.

"छत कुठं गेलं?"

"आहे तिथंच आहे. पाण्यातला प्रकाश बाहेर पडायला बघतो. उभा आला तर सरळ बाहेर जातो. थोडा कलून आला तर वाकून जातो. पण एका ठरावीक कोनापलीकडं कलला, की पाणी त्याला सोडतच नाही. सगळाच्या सगळा परत आत."

"थोडासुद्धा गळत नाही?"

"थोडासुद्धा नाही."

मावशीनं काचेतून पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे या धाग्यातला उजेड असाच परतत परतत पुढं जातो." डॉक्टरांनी मान हलवली. दाट काचेचा धागा, त्यावर सालीसारखं जरा विरळ काचेचं कवच. दोहोंच्या सीमेवर उजेड इतका तिरका आदळतो, की त्याला बाहेरची वाटच मिळत नाही. नळी वळली तर तोही आतल्या आत वळतो. शेतात पाट काढला तर पाणी झिरपतं, कितीही लिंपा. हा पाट झिरपत नाही. पोटाच्या अंधारातला ठिपक्याएवढा रंग तो जसाच्या तसा वर आणून डोळ्याच्या स्वाधीन करतो. एक धागा, एक ठिपका. हजारो ठिपक्यांचं मिळून चित्र. या टोकाला जो धागा पहिला, तोच त्या टोकाला पहिला. हे मात्र मावशीला सांगावं लागलं नाही. ताण्यावर तिनं हेच केलं होतं.

धागा तुटला की त्याचा उजेड तिथंच संपतो आणि चित्रात त्या जागी काळा ठिपका येतो, कायमचा. पोटात नळीचं टोक वळवलं की पोटातलं सगळं चित्रात सरकतं, हा ठिपका मात्र सरकत नाही. मावशी रोज सकाळी नळीचं दुसरं टोक खिडकीच्या उजेडाकडं धरून, डावा डोळा मिटून, उजवा भिंगाला लावून ठिपके मोजायची. एका वहीत तिनं बशीएवढं वर्तुळ काढलं होतं. त्याच्या माथ्यावर एक खूण, कारण भिंगातही वरच्या बाजूला एक त्रिकोणी खाच दिसायची. ठिपका पडला की वर्तुळात त्याची जागा, शेजारी तारीख आणि कारण. सातवा, एका पोलिसानं नळी चावली तेव्हाचा. चौदावा आणि पंधरावा जुळे, कपाटाचं दार आपटलं तेव्हाचे. एकविसावा सिस्टरचा.

"माझा का म्हणून?" सिस्टर दरवेळी भांडायची. "मी फक्त जरा घट्ट गुंडाळली होती."

"तेच लिहिलंय," मावशी म्हणायची. "जरा घट्ट."

तपासणीआधी डॉक्टर विचारायचे, "आज किती?" मावशी म्हणायची, "एकतीस." ते वहीकडं एक नजर टाकायचे आणि भिंगाला डोळा लावायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी तिची मोजणी कधी पुन्हा मोजली नव्हती, आणि मावशीला त्याचा अभिमान होता. बोलायची नाही, पण वही छातीशी धरून चालायची.

एके सकाळी आकडा बत्तीस झाला. नवा ठिपका मध्यापासून किंचित खाली, उजवीकडं. कारण सापडेना. दोन दिवस मावशी कपाटाशी, टाकीशी आणि सिस्टरशी भांडली. शेवटी वहीत कारणाच्या जागी तिनं नुसती रेघ ओढली.

पुढं पंधरा दिवसांनी सुतार आला. दवाखान्याच्या खिडक्या त्यानंच बसवलेल्या. पोट जळतंय, जेवण जात नाही, अशी तक्रार. बायको सोबत होती.

"मावशी, आत भुसा दिसला तर घाबरू नका हां," तो खाटेवर आडवा होता होता म्हणाला.

"नळी तोंडात गेली की बोलता येत नाही. तोवर काय ते बोलून घ्या."

"हे हिच्यासमोर सांगू नका. उद्या एक नळी घरी आणेल."

दाराशी उभी बायको म्हणाली, "दोन आणेन."

सुताराला नळी सोसेना. उमाशांवर उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांना अस्तर नीट दिसलं ते जेमतेम चार श्वासांपुरतं. नळी बाहेर घेता घेता ते म्हणाले, "मावशी, तुमचा बत्तिसावा आज जरा जाड दिसला."

"मी काय त्याला खायला घालते?"

सगळे हसले. तोंड पुसत सुतारही हसला. थोडी सूज आहे, बाकी काही नाही, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मावशी सकाळी मोजायला बसली. नळीचा पट्टा खिडकीच्या कडीत अडकला होता, म्हणून नळी हातात तिरकी आली. भिंगातली खाच माथ्यावर नव्हती, बाजूला कलली होती. खाचेबरोबर ठिपकेही कलले होते. पोलिसाचा, जुळे, सिस्टरचा, सगळा गोतावळा गोल फिरला होता. एकच ठिपका फिरला नव्हता. मध्याच्या किंचित खाली, उजवीकडं.

मावशीनं नळी आणखी फिरवली. पार उलटी केली. एकतीस ठिपके खालचे वर झाले. बत्तिसावा होता तिथंच होता.

मग एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. उजवा डोळा मिटला आणि डावा भिंगाला लावला. एकतीस.

नळी कपाटात टांगून तिनं बेसिनवरच्या पांढऱ्या फरशीकडं नुसत्या उजव्या डोळ्यानं पाहिलं. तिथंही होता. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून घरी, रस्त्यात, सुई ओवताना तो कधी जाणवला नव्हता.

ती खाटेच्या काठावर बसली. आधी तिला स्वतःचंच सुचलं. असा डोळा घेऊन बसलेल्या बाईच्या हाती नळी कोण ठेवेल? मग सुताराचा दिवस आठवला. जाड दिसला, डॉक्टर म्हणाले होते. तिचा ठिपका तिच्या डोळ्यात होता. तो नळीत नव्हता, डॉक्टरांच्या डोळ्यात नव्हता. मग त्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं ते काय होतं?

बोललं तर नळी हातची जाणार. गप्प राहिलं तर सुतार गोळ्या खात राहणार, आणि पोटात जे काही आहे ते वाढत राहणार.

सिस्टर पडदा सारून आत आली. "काय मावशी, आज बसून? किती लिहू?"

"थांब. आकडा लिहू नकोस."

"का? तेहतिसावा माझ्या नावावर टाकताय?"

"डॉक्टर आले का?" मावशीनं विचारलं. तिचा चेहरा पाहून सिस्टरनं पुढची थट्टा गिळली.

डॉक्टर खाली त्यांच्या खोलीत चहा पीत होते. मावशी टेबलासमोर उभी राहिली.

"बत्तिसावा नळीचा नाही. माझ्या डोळ्याचा आहे."

डॉक्टर हसले, त्यांना ही नेहमीची गंमत वाटली. मावशी हसली नाही. "सुतार आला तेव्हा तुम्ही म्हणालात, जाड दिसला. तुम्हाला तो दिसायलाच नको होता."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. उठून वर गेले, खिडकीशी नळी फिरवून फिरवून बघत राहिले.

"एकतीस," ते म्हणाले. नळी कपाटात टांगत म्हणाले, "मी वही बघितली. हलतो का, ते बघितलं नाही."

"मी लिहिलं होतं, म्हणून तुम्ही बघितलं नाही."

"बघायला हवं होतं. भिंगाला डोळा माझा होता."

"आणि वही माझी," मावशी म्हणाली.

निरोप गेला, तसा सुतार दुपारीच आला. अंगावर भुसा तसाच. "काय डॉक्टर, आत काही विसरलं का?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "मी विसरलो."

या वेळी त्यांनी घसा नीट बधिर केला आणि घाई केली नाही. मावशी उशाशी उभी राहून सुताराचं कपाळ धरून होती. "नाकानं श्वास. हळू. अजून एक. झालंच." डॉक्टरांनी नळीचं टोक किंचित डावीकडं वळवलं, मग उजवीकडं. आणि भिंगावरचा डोळा न काढता म्हणाले, "हलतो."

खोलीत सिस्टर होती, दाराशी सुताराची बायको होती. बायकोला वाटलं, सुतार हलतोय म्हणून डॉक्टर रागावले. तिनं त्याला म्हटलं, "अहो, हलू नका ना." मावशीनं कपाळावरचा हात काढला नाही.

छोटीशी जखम होती, कडा उचललेल्या, मध्ये काळं रक्त साकळलेलं. तिचा तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवसांनी वाईट बातमी घेऊन आला. सुताराला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटाचा तिसरा हिस्सा काढावा लागला. तिथल्या सर्जननं चिठ्ठीत लिहिलं, की आणखी चार-सहा महिने गेले असते तर करण्यासारखं काही उरलं नसतं.

डॉक्टरांनी सुताराच्या बायकोला काही लपवलं नाही. स्वतःचंही नाही, मावशीचंही नाही. ती एक दिवस मावशीला शोधत वर आली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे ते नुसत्या गोळ्या खात होते."

"हो," मावशी म्हणाली.

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं."

सुताराची बायको तिच्या शेजारी बाकावर बसली, बराच वेळ बसली, आणि उठून गेली. ती रागानं आली होती की आभार मानायला, हे सिस्टरनं पुढं पुष्कळदा विचारलं. मावशीचं उत्तर एकच. "बसली होती. तेवढंच."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर वण पडलाय, तो जाणार नाही. थोरले डॉक्टर म्हणाले, "मग काय झालं? डावा चांगला आहे. डाव्यानं मोजा."

"डावा आज चांगला आहे," मावशी म्हणाली. "उद्या त्यात पडला तर मला कळेल? उजव्यातला कळला होता?"

"आम्ही लक्ष ठेवू."

"इतकी वर्षं कुणी ठेवलं?"

ती हे कडवटपणानं बोलली नाही. जे होतं ते तिनं सांगितलं. महिनाभर तिनं सिस्टरला शिकवलं. नळी कशी तोलायची, भोक शोधायला ती पाण्यात बुडवून कुठून बुडबुडा येतो ते कसं बघायचं. आणि एक नवा नियम, जो आधी नव्हता. मोजायचं ते दोन जणींनी, दोन्ही डोळ्यांनी, नळी फिरवून. सिस्टर कुरकुरली, "यातच दुपार होईल." मावशी म्हणाली, "होऊ दे."

ती काम सोडून गेली त्या दिवशी निरोपाचं काही नको म्हणाली होती, म्हणून कुणी काही केलं नाही. हातात पिशवी, पिशवीत डबा. जिना उतरताना तिनं कठडा धरला नाही. खाली बाकावर सुतार नंबर लावून बसला होता. कपडे त्याला आता मोठे व्हायचे. तो उठायला लागला तशी तिनं हातानंच बस म्हटलं आणि फाटकाबाहेर पडली. रस्त्याच्या कडेनं, नेहमीच्या चालीनं, कुठंही न रेंगाळता ती चालत गेली. सिस्टर वरच्या खिडकीत उभी होती. डॉक्टरांनी पडदा बाजूला सारून एकदा पाहिलं. खाटेवर पेशंट होता, त्यांना वळावं लागलं. सुतार मात्र ती वळणापलीकडं गेल्यावरही तिकडंच बघत राहिला, आणि त्याचा नंबर आला तेव्हा सिस्टरला जिन्यावरून दोनदा ओरडावं लागलं.